अडकलेली कॅसेट आणि आजोबांचा आवाज

सुरुवातीलाच एक कबुली देते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. तिथे मराठी म्हणजे पास होण्यापुरता विषय! त्यामुळे र्‍हस्व-दीर्घ चुकले तर संपादक मंडळाला बोला, लेख त्यांनीच मागितलाय.

तर गोष्ट अशी. दिवाळीच्या सुट्टीत आजीकडे, रत्नागिरी जिल्ह्यात गेले होते. माळ्यावर जुना व्हीसीआर सापडला, सोबत आईच्या लग्नाची कॅसेट, १९९८ सालची. माझे आजोबा २००१ मध्ये गेले, म्हणजे माझ्या जन्माच्या आधी. आजी म्हणाली, "अगं, ह्यात त्यांचा आवाज आहे. दुसरीकडे कुठेच नाही."

झालं! मी इंजिनिअर (म्हणजे होणार आहे, दोन केटी सुटल्या तर). मोठ्या तोऱ्यात कॅसेट आत सरकवली, प्ले दाबलं. चार मिनिटं चित्र आलं, मग पडदा निळा झाला आणि मशीन गप्प. इजेक्ट दाबलं की आतून "घुर्रर्र" असा आवाज आणि परत बंद. मी सात-आठ वेळा दाबलं. आजी काही बोलली नाही, पण तिचा चेहरा बघवत नव्हता.

तालुक्याच्या दुकानात नेलं तर उत्तर मिळालं, "टेप कापून काढतो, नाहीतर भंगारात द्या." मी व्हीसीआर चादरीत गुंडाळला आणि एसटीने सरळ हॉस्टेलला आणला. रेक्टर मॅडमनी गेटवरच विचारलं, "हे काय गं?" मी म्हटलं, "मॅडम, प्रोजेक्ट!" एका अर्थी खरंच होतं.

आपल्या लॅबमधले काका नव्वदच्या दशकात व्हीसीआर दुरुस्त करायचे, हे किती जणांना माहीत आहे? मलाही नव्हतं. त्यांनी आधी विचारलं, "इजेक्ट कितीदा दाबलंस?" मी खरं सांगितलं. "नशीब तुझं. आतले गिअर प्लास्टिकचे असतात, पोरी. दात गेले असते म्हणजे संपलं." म्हणजे धडा पहिला: अडकली की हात मागे.

टेप अडकते म्हणजे नक्की काय होतं?

ऑडिओ कॅसेटमध्ये हेड टेपजवळ येतं. व्हीएचएसमध्ये (जपानमध्ये १९७६ साली आलं) उलटं आहे, टेपच बाहेर ओढली जाते. दोन छोटे खांब अर्धा इंच रुंदीची टेप कॅसेटमधून ओढतात आणि एका तिरक्या, फिरत्या ड्रमभोवती इंग्रजी एमच्या आकारात गुंडाळतात. एवढा खटाटोप कशासाठी? टेपचा वेग सेकंदाला फक्त २.३४ सेंमी आहे. एवढ्यात चित्र मावत नाही. म्हणून ६२ मिमी व्यासाचा ड्रम आपल्याकडच्या पाल पद्धतीत सेकंदाला २५ वेळा फिरतो. परीघ साधारण १९५ मिमी, गुणिले २५, म्हणजे हेड टेपवरून सेकंदाला जवळपास ४.८५ मीटर वेगाने धावतं. (एम-३ वाल्यांनो, टेपचा स्वतःचा वेग वजा केलाय!) चित्राच्या रेघा टेपवर तिरप्या उमटतात. आवाज मात्र टेपच्या वरच्या कडेला जेमतेम एक मिलिमीटरच्या पट्टीत असतो, आणि खालच्या कडेला चित्र जुळवून घेणारा कंट्रोल ट्रॅक.

हे मी उगाच सांगत नाहीये. माझे आजोबा त्या एका मिलिमीटरमध्ये होते.

आता काढायची कशी?

१. प्लग काढा. नुसतं बटण बंद करून चालत नाही. २३० व्होल्टचा पीक ३२५ पर्यंत जातो आणि पॉवर सप्लायमधला मोठा कॅपॅसिटर प्लग काढल्यावरही काही वेळ भरलेला राहतो. मशीन बाजूला ठेवून चहा घेऊन या. आल्यावरही सप्लायच्या भागाला हात लावायचा नाही.

२. वरचं झाकण काढा. मागचे आणि बाजूचे स्क्रू सोडवले की ते निघतं. टॉर्च मारून नुसतं बघा. खांब ड्रमपाशी आहेत की कॅसेटच्या पोटात? टेप कुठे लोंबतेय, कुठे गुंडाळली गेलीय? मोबाईलवर फोटो काढा. आम्ही दहा मिनिटं फक्त बघत होतो. माझ्या केसमध्ये खांब ड्रमपाशीच होते, म्हणजे टेप पूर्ण बाहेर. अशा वेळी कॅसेट ओढली तर टेप तुटणार.

३. लोडिंग मोटर शोधा. छोटीशी असते. तिच्यापासून एक बेल्ट किंवा थेट वर्म गिअर निघतो. वर्म हाताने फिरवायचा, त्याच्यापुढचा गिअर नाही. कारण वर्म सेल्फ लॉकिंग असतो, पुढून मागे फिरत नाही. जोर लावाल तर दात मोडेल. हा प्रश्न मला ओरलला आला होता तेव्हा मी गप्प बसले होते. आता जन्मात विसरणार नाही!

४. दिशा कशी ओळखायची? थोडंसं फिरवा आणि खांबांकडे बघा. ड्रमकडे जात असतील तर चुकीची, कॅसेटकडे येत असतील तर बरोबर. खूप वेळ फिरवावं लागतं, बोट दुखतं. मी म्हटलं, "काका, मोटरला बॅटरी जोडू का?" ते म्हणाले, "बॅटरीला कळत नाही कुठे अडकलंय. बोटाला कळतं."

५. खांब मागे यायला लागले की टेप ढिली पडते. सगळं कौशल्य इथेच आहे. मशीन चालू असताना एक रीळ फिरून ही ढील आत घेतं. आता ते काम आपलं. टेप रबरी रोलर आणि त्याच्या शेजारच्या स्टीलच्या दांड्यात (त्याला कॅप्स्टन म्हणतात) अडकली असेल तर दांडा हळूहळू उलटा फिरवत सोडवायची, ओढायची नाही. सुटलेला फास अलगद वर धरायचा, म्हणजे तो कुठल्या गिअरमध्ये जात नाही. धरायला माझी रूममेट होती. हातमोजे नव्हते म्हणून स्वच्छ धुतलेल्या, कोरड्या हातांनी, तेही फक्त कडांना. ड्रमवरच्या हेडना बोट लावायचं नाही, ती फार नाजूक असतात.

६. खांब पूर्ण आत गेले की तोच वर्म फिरवत राहा. कॅसेटचा पाळणा वर उचलला जाऊन बाहेर येतो. फास सांभाळत कॅसेट काढा. तिच्या बाजूचं छोटं बटण दाबलं की पुढचं झाकण उघडतं. पोटाखाली मधोमध एक भोक असतं. त्यात बोथट काडी घातली की रिळांचे ब्रेक सुटतात. मग बोटाने रीळ फिरवून टेप आत घ्या, पीळ पडू न देता.

आमची कॅसेट दीड तासाने बाहेर आली. लॅबमध्ये टाळ्या वाजल्या (तीन माणसांच्या, पण वाजल्या).

दोष कोणाचा?

एका रबरी बेल्टचा. इतक्या वर्षांत तो सैल पडला होता. मोटर फिरत होती, बेल्ट घसरत होता. "घुर्रर्र" तोच! नवा बेल्ट वड्यापावच्या पैशात मिळाला. कोकणातल्या दमट हवेत टेपला बुरशीही लागते, रिळावर पांढरी पावडर दिसते. तशी दिसली तर कॅसेट अजिबात लावू नका, नाहीतर हेडही खराब होतील. आमची सुदैवाने स्वच्छ होती.

टेपला साधारण दहा सेंमी सुरकुत्या पडल्या होत्या. दहा भागिले २.३४, म्हणजे चारेक सेकंद. त्या दुकानदाराने बाहेरचा सगळा फास कापला असता तर त्याच्या कितीतरी पट गेलं असतं, आणि जोड हेडला घासला असता तो वेगळाच. सुरकुत्या बहुतेक खालच्या कडेला होत्या. त्यामुळे चित्र चार सेकंद उड्या मारतं, आवाज मात्र शाबूत आहे.

पहिल्याच खेपेला सगळं कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करून घेतलं. हे नक्की करा, पुन्हा लावू म्हणून थांबू नका. शेवटपर्यंत व्हीसीआर बनवणाऱ्या जपानच्या फुनाई कंपनीनेही जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. आहेत त्या मशीन म्हाताऱ्या होत चालल्यात, आणि त्या उघडता येणारी माणसंही. तुमच्या घरी माळ्यावर कॅसेट असेल तर पुढच्या सुट्टीत खाली काढा. अडकली तर लॅबमध्ये काका आहेत. त्यांना चहा चालतो, साखर कमी.

फाईल आजीला पाठवली आणि फोन लावला. एकविसाव्या मिनिटाला मांडवात एक उंच माणूस कॅमेरावाल्याला ओरडतो, "अहो, फोटो मागाहून काढा, आधी पंगत बसवा!" बस्स, एवढंच. आजोबांचं कॅसेटमधलं एकमेव वाक्य.

आजी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "ऐकलंस ना? असेच ओरडायचे. परत लाव."