गळाच्या आमिषांत मीठ कशासाठीं?

मोसम नदीच्या कांठीं राहणाऱ्या नामपूरच्या मुलांस गळ म्हणजे काय, हें सांगावें लागत नाहीं. गळास कणकेची गोळी किंवा गांडूळ लावावें, ही रीतहि सर्वांस ठाऊक आहे. परंतु अलीकडे हौशी लोक मरळीसारख्या शिकारी माशांसाठीं मऊ प्लास्टिकचे बेडूक व किडे वापरतात. कोणी कोणी तर अशीं आमिषें घरींच ओतून त्यांत मीठ मिसळतात. जें मीठ आपण भाकरींत घालतों, तें प्लास्टिकांत कशाला, याचा उलगडा आम्ही येथें करूं इच्छितों.

प्लास्टिकचा मऊ किडा प्रथम १९४९ सालीं अमेरिकेंतील ॲक्रन शहरीं निक क्रीम व त्याची पत्नी कॉस्मा यांनीं विक्रीस आणला. त्यांत मीठ मिसळण्याची चाल मात्र १९८० नंतरच्या दशकांत रूढ झाली.

या कामीं पॉलिव्हिनाइल क्लोराइडची बारीक भुकटी तेलकट द्रवांत कालवून वापरतात. हें दुधासारखें मिश्रण सुमारें १७५ अंश सेल्सिअसपर्यंत तापविलें म्हणजे दाट व पारदर्शक होतें. मग तें सांच्यांत ओतून निववितात. मीठ ८०१ अंशांस वितळतें व तेलकट पदार्थांत विरघळत नाहीं. म्हणून त्याचे कण जसेच्या तसे राहून तळाशीं बसूं लागतात, व ओतीपर्यंत मिश्रण ढवळीत राहावें लागतें. मीठ बारीक व अगदीं कोरडें हवें. ओलसर असल्यास पाण्याची वाफ होऊन कढत रस अंगावर उडतो.

आतां लाभ काय? पहिला लाभ वजनाचा. मिठाची घनता पाण्याच्या दुपटीहून अधिक, म्हणजे २.१६ आहे. त्यामुळें आमिष शिशाच्या वजनावांचूनहि बुडतें. मुलांनो, याचा पडताळा मेणावर घेतां येतो. मेण पाण्यावर तरंगतें, कारण त्याची घनता सुमारें ०.९ आहे. वडील माणसाकडून १०० ग्रॅम मेण गरम पाण्यांत ठेवलेल्या भांड्यांत वितळवून घ्यावें, व त्यांत बारीक मीठ कालवून गोळी करावी. हिशेबाप्रमाणें सुमारें २१ ग्रॅमपर्यंत गोळी तरंगेल; त्याहून मीठ वाढलें कीं बुडेल.

दुसरा लाभ चवीचा सांगतात: खारट लागल्यामुळें मासा आमिष लवकर थुंकीत नाहीं. माशांच्या तोंडांत चव ओळखणाऱ्या कळ्या असतात, हें खरें. तथापि या लाभाविषयीं गळ टाकणाऱ्यांतच एकमत नाहीं. वजनाची गोष्ट तराजू सिद्ध करतो. चवीची गोष्ट बहुधा ऐकीव असते. ऐकीव व सिद्ध यांतील भेद ओळखणें हेंच शास्त्राचें पहिलें पाऊल होय.

मिठाची किंमतहि मोजावी लागते. जितके कण अधिक, तितका प्लास्टिकचा सांधा दुबळा; असें आमिष एकदोन माशांतच फाटतें. कणकेची उरलेली गोळी नदींत विरून जाते, गांडूळहि मातीस मिळतें. पण प्लास्टिकचा तुकडा वर्षानुवर्षें तळाशीं पडून राहतो, आणि तो माशांच्या पोटांतहि जाऊं शकतो. उन्हाळ्यांत नदी आटून डोह तेवढे उरतात, तेव्हां तेंच पाणी गुरें पितात, हें आपण जाणतोंच.

पालकांस आमची विनंती आहे कीं, हें ओतकाम मुलांच्या हातीं देऊं नये व स्वयंपाकाच्या भांड्यांत करूं नये. हें प्लास्टिक करपलें तर हायड्रोक्लोरिक आम्लाचा दाहक वायु सुटतो. मुलांस आमचें सांगणें इतकेंच: प्लास्टिकचीं आमिषें नेतांना मोजून न्यावीं व फाटलेले तुकडे धरून मोजून परत आणावीं. ही मोजदाद ज्यास जड वाटेल, त्यानें कणकेच्या गोळीवरच समाधान मानावें.