प्लॉट पेन्शनच्या खात्यात बसतो का?

राजूरच्या गणपतीला अंगारकीची गर्दी लोटते, तेव्हा प्रसादाच्या दुकानदाराला मान वर करायला फुरसत नसते. त्याला निवृत्ती नाही आणि पेन्शनही नाही. शिल्लक उरली की सोनं, नाहीतर प्लॉट.

असा प्लॉट पेन्शनच्या खात्यातून घेता येतो का? अमेरिकेत १९७४च्या कायद्याने आलेल्या आयआरए, म्हणजे वैयक्तिक निवृत्ती खात्याच्या एका प्रकारात निवृत्तीच्या पैशातून घर, शेतजमीनही घेता येते. अट एकच नाही, पण मोठी ही, की त्या घरात स्वतः राहायचं नाही.

आपल्याकडचं जवळचं खातं एनपीएस, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजना. १ मे २००९पासून ते दुकानदारालाही खुलं आहे. २०१६मध्ये त्यात पर्यायी गुंतवणुकीचा ‘ए’ गट आला. त्यात ऑफिस इमारतींच्या भाड्यावर चालणारे रीट वगैरे होते. मर्यादा मात्र ५ टक्के होती, आणि खरेदी फंड व्यवस्थापकाची. भोकरदन रस्त्यालगतचा प्लॉट एनपीएसमध्ये बसत नाही.