ऑनलाइन लिलावातील बनावट टपालतिकिटे : परीक्षा व प्रतिकार

मूळ कागद पाहिल्यावाचून इतिहास-संशोधक त्याच्या अस्सलपणाचा निर्वाळा देत नाही. टपालतिकीट हाही एक ऐतिहासिक कागदच होय. परंतु ऑनलाइन लिलावात रत्नागिरीच्या ग्राहकापुढे असते ते केवळ त्याचे छायाचित्र. छायाचित्रावरून तिकीट खोटे असल्याचे कधीकधी सिद्ध होते. खरे असल्याचे कधीच नाही.

१५ ऑगस्ट १९४८ रोजी निघालेल्या महात्मा गांधींच्या दहा रुपयांच्या तिकिटाचे उदाहरण घेऊ. ते स्वित्झर्लंडमध्ये फोटोग्राव्ह्यूर पद्धतीने छापले गेले. त्यांतील मोजक्या प्रतींवर गव्हर्नर-जनरलच्या कार्यालयासाठी ‘सर्व्हिस’ ही अक्षरे मागाहून उमटविण्यात आली. अशा चार तिकिटांची सलग पट्टी २०१७ साली पाच लक्ष पौंडांना विकली गेली. एवढ्या मोलाच्या वस्तूची बनावट दोन प्रकारे होते. संपूर्ण तिकिटाची नक्कल असल्यास भिंगाखाली अनेक रंगांच्या ठिपक्यांची आधुनिक छपाई दिसते. दोन सेंटिमीटरांत साडेअकरा छिद्रे हे मूळचे प्रमाणही बहुधा जुळत नाही. अस्सल तिकिटावर खोटी अक्षरे उमटविली असल्यास मात्र कागद, रंग व छिद्रे ही तिन्ही निर्दोष ठरतात. तेथे अक्षरांचे वळण व शाई यांचीच परीक्षा करावी लागते, आणि ते काम तज्ज्ञाचे आहे.

म्हणून बोलीपूर्वी दोन्ही बाजूंची चित्रे, तज्ज्ञांचे प्रमाणपत्र व परतीची लेखी अट मागावी. प्रमाणपत्राची खातरजमा ते देणाऱ्या संस्थेकडूनच करावी. फसवणूक आढळल्यास तिकीट धुऊ नये, त्यावर खूण करू नये. लिलावातील वर्णन, पावती व पाकीट जपून ठेवावे आणि विक्रेता व लिलावसंस्था या दोघांनाही लेखी कळवावे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये व्यापारी विक्रेत्याविरुद्धची तक्रार ग्राहकाला स्वतःच्या जिल्ह्यातील आयोगाकडे करता येते. विक्रेता कलकत्त्याचा असला तरी रत्नागिरी सोडण्याचे कारण नाही. मुदत दोन वर्षांची आहे. पुनर्विक्रीसाठी केलेल्या खरेदीला मात्र हे संरक्षण नाही. जाणूनबुजून केलेली फसवणूक भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली येते.

पैसे बुडाले म्हणून तेच तिकीट दुसऱ्याच्या गळ्यात मारणे हा मात्र प्रतिकार नव्हे. खोटा टपालशिक्का कधीच न गेलेल्या पत्राची साक्ष देतो, आणि अशी साक्ष एकदा संग्रहात शिरली की पुढचा संशोधक तिच्यावर इतिहास रचतो.