सायकल परत कोण आणणार?

सकाळी साडेसात ते नऊच्या दरम्यान डिचोलीहून म्हापशाला किंवा पणजीला निघालेल्या बसमध्ये पाय ठेवायला जागा नसते. त्याच वेळी उलट दिशेने डिचोलीत येणाऱ्या बसमध्ये खिडकीजवळची हवी ती जागा मिळते. पेडण्याचीही तीच गत. संध्याकाळी चित्र नेमकं उलटं होतं. बसला ड्रायव्हर असतो, त्यामुळे रिकामी का होईना, ती परत येते. सायकलला ड्रायव्हर नसतो. तिच्यावरून माणूस जिथे उतरला तिथेच ती उभी राहते. शहरभर सार्वजनिक सायकली ठेवायच्या, कुणीही कुठूनही घ्यावी आणि कुठेही सोडावी, ही कल्पना ऐकताक्षणी आवडते. पण तिची सगळी अडचण या एका गोष्टीत आहे.

हे मला कळलं ते जर्सी सिटीत. नोकरीच्या निमित्ताने काही वर्षं मी तिथे राहिले, आता डिचोलीत परत आले आहे. हडसन नदीच्या एका काठाला न्यूयॉर्क, दुसऱ्या काठाला जर्सी सिटी. न्यूयॉर्कमध्ये ‘सिटी बाइक’ ही सायकल योजना 2013च्या मे महिन्यात सुरू झाली, तेव्हा सायकली होत्या सुमारे 6 हजार. 2015च्या सप्टेंबरात ती जर्सी सिटीत आली. आज या योजनेत 30 हजारांहून जास्त सायकली आणि 2 हजारांहून जास्त स्टेशनं आहेत. स्टेशन म्हणजे फुटपाथच्या कडेला लोखंडी खाचांची एक रांग. एका खाचेला एक सायकल अडकवलेली. वर्षाची वर्गणी भरलेल्या माणसाने फोनवरून कुलूप उघडायचं, साध्या सायकलवरून 45 मिनिटांच्या आत दुसऱ्या स्टेशनावर पोहोचायचं आणि रिकाम्या खाचेत सायकल ढकलायची. कट्ट आवाज आला की आपली जबाबदारी संपली.

माझं घर वरच्या अंगाला, टेकडीच्या कण्यावर वसलेल्या ‘हाइट्स’ वस्तीत होतं. खाली ग्रोव्ह स्ट्रीटला न्यूयॉर्कला नेणारी भुयारी रेल्वे. सकाळी वस्तीतली माणसं उताराने भराभर खाली येत आणि ग्रोव्ह स्ट्रीटच्या आसपासच्या खाचा भरून जात. वरची स्टेशनं तेवढ्यात ओस पडलेली. ज्याने कधी अशी सायकल वापरली नाही त्याला वाटेल, रिकामं स्टेशन हीच मोठी पंचाईत. तसं नाही. सायकल मिळाली नाही तर माणूस चालत जातो, बस पकडतो. पण स्टेशन भरलेलं असेल तर सुमारे 20 किलोची सायकल हातात घेऊन तो अडकून पडतो, कारण ती सोडायलाच जागा नाही. यंत्रावर मागितली तर 15 मिनिटं वाढवून मिळतात. तेवढ्यात पुढचं स्टेशन गाठायचं, तेही भरलेलं निघालं तर त्याच्या पुढचं. तोवर गाडी गेलेली असते.

कंपनीचे टेम्पो सायकली भरून इकडून तिकडे नेतात. काही ठिकाणी सायकललाच लांब ट्रेलर जोडून नेतात. पण जेव्हा गरज सगळ्यात जास्त, तेव्हाच रस्त्यावर गर्दी सगळ्यात जास्त, आणि टेम्पोही त्याच गर्दीत अडकतो. म्हणून सायकल वापरणाऱ्यांनाच या कामात घ्यायची योजना निघाली. तिचं नाव ‘बाइक एंजल्स’. फोनवरच्या नकाशात दिसतं की या स्टेशनावरून सायकल उचलली तर इतके गुण, त्या स्टेशनावर ठेवली तर तितके. भरलेल्या जागेतून उचलून ओस पडलेल्या जागी ठेवणाऱ्याला सगळ्यात जास्त. गुण साठले की वर्गणीची मुदत वाढते किंवा दुसरं काही बक्षीस मिळतं. कॉर्नेल विद्यापीठातले डेव्हिड श्मॉइस आणि त्यांचे सहकारी या योजनेसाठी गणित मांडत होते. कुठल्या स्टेशनावर कुठल्या वेळी किती सायकली हव्यात, गुण ठरावीक वेळापत्रकाने द्यायचे की क्षणाक्षणाच्या परिस्थितीवरून, यावर त्यांनी शोधनिबंध लिहिले आहेत.

मी यात पडले ती गुणांसाठी नाही असं म्हटलं तर ते खरं होणार नाही. वर्गणी वाचत होती. पण हळूहळू नकाशा बघायची सवयच लागली. शनिवारी भाजी आणायला न्यूअर्क अव्हेन्यूवरच्या गुजराती दुकानांकडे जायचं असलं, तरी मी आधी बघायचे की कुठलं स्टेशन ओसंडतंय. दोन गल्ल्या जास्त चालले तर मला काही फरक पडत नव्हता, पण कुणाला तरी खाच मोकळी मिळत होती. आमच्याच भागातली एक नर्स रात्रपाळी संपवून सकाळी ग्रोव्ह स्ट्रीटला उतरायची आणि सायकल घेऊन चढाने घरी यायची. सगळं गाव खाली येत असताना ती वर जायची. तिला कुणी सांगितलं नव्हतं, गुणांचंही फार पडलेलं नव्हतं. तिच्या रोजच्या वाटेनेच एक खाच रिकामी होत होती आणि वर एक सायकल पोहोचत होती. गर्दीच्या उलट दिशेने ज्यांचं आयुष्य चालतं, रात्रपाळीवाले, पहाटे बेकरीत जाणारे, दुपारी सुटणारे सफाई कामगार, अशी माणसं जिथे पुरेशी असतात तिथेच ही व्यवस्था तगते, हे मला तिच्याकडे पाहून उमगलं.

गुणांचा दुसरा पैलूही सांगायला हवा. 2024 मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने एक बातमी दिली. गुणांचा हिशेब दर 15 मिनिटांनी नव्याने होतो, हे ओळखून काहीजण गटाने एका स्टेशनावरच्या सगळ्या सायकली हाकेच्या अंतरावरच्या स्टेशनात नेत, थोडा वेळ थांबत आणि पुन्हा उलट्या आणत. त्यातून काहींना महिन्याकाठी हजारो डॉलर मिळाले. 2018 पासून ही योजना चालवणाऱ्या लिफ्ट कंपनीने मग त्याला आवर घातला. या माणसांना मी चोर म्हणणार नाही. नियमात बसेल तेच त्यांनी केलं. पण त्या सायकलींनी कुणाचीही सोय झाली नाही. एखाद्या कामाचा फक्त आकडा मोजला की माणसं आकडा आणून देतात, काम मागे राहतं. आपल्याकडे असं काही सुरू करताना हे आधी लक्षात ठेवायला हवं.

सायकली हलवायचं काम मी लहानपणीच पाहिलं होतं, त्याला तेव्हा काही नाव नव्हतं इतकंच. माझ्या बाबांचं डिचोलीच्या बाजारात भाड्याच्या सायकलींचं दुकान होतं. मडगार्डवर पांढऱ्या रंगात नंबर, खिळ्याला सुतळीने टांगलेली वही, तीत नाव, गाव आणि सायकल नेल्याची वेळ. भाडं तासावर. नियम एकच: जिथून नेली तिथेच आणून द्यायची. पण नार्वेला जाणारी माणसं फेरीबोटीने पलीकडे दिवाडीला उतरायची आणि परतताना भलत्याच वाटेने यायची. सायकल धक्क्याजवळच्या ओळखीच्या दुकानात ठेवून निरोप धाडायची. शिरगावला लईराईची जत्रा असली की दुकानातल्या सगळ्या सायकली तिकडेच. मग माझा दादा बसने नार्वेला जायचा आणि येताना दोन सायकली आणायचा. एकीवर बसायचं, दुसरीचं हँडल मधोमध एका हाताने धरायचं आणि दोन्ही बरोबर चालवायच्या. मयेच्या वाटेवर चढ लागला की खाली उतरून दोन्ही ढकलायच्या. हे कौशल्य सोपं नाही, दोन चाकं सरळ जातात पण चार चाकं एकमेकांकडे ओढतात. बाबा त्या फेरीचे पैसे गिऱ्हाइकाकडून मागत नसत. पण दादाला मात्र दर फेरीमागे पैसे मोजून देत. ते काम आहे, असं ते म्हणत.

आमच्या पायलट लोकांना हे कुणी समजावून सांगायची गरजच नाही. पिवळ्या मडगार्डची काळी मोटरसायकल घेऊन स्टँडवर पाळी लावून उभे असलेले, “खंय वचपाचें, बाय?” असं विचारणारे पायलट ही गोव्याची खास सार्वजनिक वाहतूक आहे. आडगावचं भाडं सांगताना ते एकच कारण देतात: येतना रितेंच येवचें पडटा. गिऱ्हाईक त्यावर घासाघीस करतं, कारण त्याला स्वतःचं जाणं दिसतं, पायलटचं येणं दिसत नाही.

जगभर या येण्याची किंमत कुणी ना कुणी मोजलेली आहे. 1965 मध्ये ॲमस्टरडॅममध्ये ‘प्रोव्हो’ नावाच्या तरुणांच्या चळवळीने पांढऱ्या रंगाच्या काही सायकली कुलपाशिवाय रस्त्यावर ठेवल्या, सगळ्यांसाठी. पोलिसांनी त्या उचलून नेल्या, कारण कायद्याने सायकलला कुलूप हवं होतं. 2007 मध्ये पॅरिसमध्ये ‘व्हेलिब’ सुरू झाली, आणि लोक टेकडीवरून सायकलने उतरतात पण वर चढताना मेट्रो धरतात हे लवकरच दिसून आलं. तेव्हा उंचावरच्या स्टेशनात सायकल ठेवणाऱ्याला जादा 15 मिनिटं देण्याची सोय केली गेली. पणजीत असं काही आलं तर आल्तिनोचं काय होईल हे मला आत्ताच दिसतं. आकाशवाणीपाशी ठेवलेली प्रत्येक सायकल दहा वाजेपर्यंत खाली चर्च स्क्वेअरला असेल.

पुण्यात 2017च्या डिसेंबरात सार्वजनिक सायकली आल्या, तेव्हा आम्ही गोव्यातले लोकही आशेने बघत होतो. त्या खाचांशिवायच्या होत्या: फोनने कुलूप उघडा, हव्या तिथे सोडा. एकामागून एक कंपन्या आल्या. पण ओफोने 2018 मध्येच भारत सोडला, मोडतोड आणि सुटे भाग चोरीला जाण्याच्या बातम्या येत राहिल्या आणि पुढच्या काही वर्षांत त्या सायकली रस्त्यावरून जवळजवळ दिसेनाशा झाल्या. त्याच 2017 साली म्हैसूरमध्ये ‘ट्रिन ट्रिन’ सुरू झाली. ठरावीक 48 स्टेशनं, 450 सायकली, मागे महापालिका. पुण्यात नागरिक बेजबाबदार होते असं म्हणून विषय संपवणं मला पटत नाही. हव्या तिथे सोडता येणारी सायकल परत आणण्यासाठी रोज हवी तितकी माणसं लागतात, आणि तासाला एक-दोन रुपये भाड्यात त्यांची मजुरी निघत नाही.

मग पेडणे-डिचोलीने काय करावं? मला वाटतं, न्यूयॉर्कची नक्कल अजिबात करू नये. उदाहरण घेते विर्नोड्याचं. तिथे संत सोहिरोबानाथ आंबिये सरकारी महाविद्यालय आहे. समजा पेडण्याच्या स्टँडवर सायकली ठेवल्या. सकाळी भरतीच्या पाण्यासारखी सगळी मुलं एकाच दिशेला जातील, आणि कॉलेज सुटेपर्यंत सायकली तिथेच उभ्या राहतील. उलट दिशेने जाणारी नर्स तिथे नाही. कितीही गुण द्या, स्वयंसेवक रिकाम्या हाताने विर्नोड्याला जाऊन सायकल आणणार कशाला? आणि आणलीच, तरी त्या वेळी स्टँडवर ती घेणार कोण?

अशा ठिकाणी बाबांचा नियमच बरा: जिथून घेतली तिथेच परत. हॉलंडमध्ये 2003 पासून ‘ओव्ही-फिट्स’ नावाची योजना याच नियमावर चालते, आणि आता ती तिथली रेल्वेच चालवते. रेल्वे स्टेशनावर उतरायचं, दिवसाच्या भाड्याने सायकल घ्यायची, काम उरकून त्याच स्टेशनावर परत द्यायची आणि गाडी पकडायची. सायकल दिवसभर उभी राहते, पण टेम्पो लागत नाही, नकाशावरचे गुण लागत नाहीत. पेडणे रेल्वे स्टेशन, डिचोलीकरांना जवळचं थिवी, साखळीचं सरकारी कॉलेज, मये तलाव, या जागांना हे शोभेल. मुलांना सायकल रात्री घरी न्यायची मुभा द्यावी, म्हणजे गावातून स्टँडपर्यंत येण्याचा प्रश्नही सुटेल.

पणजीत मात्र बाइक एंजल्ससारखं काही करून पाहता येईल. तिथे पाटोच्या बसस्टँडवरून माणसं मिरामारलाही जातात आणि मिरामारहून पाटोलाही येतात, पर्यटक दिवसभर दोन्हीकडे हिंडतात. आल्तिनोवर सायकल चढवणाऱ्याला पॅरिससारखी सूट द्यावी. संध्याकाळी सायकली हलवण्याचं काम मात्र फुकटच्या उत्साहावर सोडू नये. ते पायलट संघटनांना विचारून पगारी द्यावं. कुठल्या वेळी कुठे गर्दी होते हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नाही. स्वयंसेवक त्यांच्या मदतीला असावेत, त्यांच्या जागी नसावेत. पावसाचे चार महिने आणि समुद्राचा खारा वारा यांचा विचार तर पहिल्या दिवसापासून हवा. छपराखाली नसलेली साखळी इथे एका पावसाळ्यात गंजते.

सुरुवात पेडण्यातून करता येईल. स्टँडजवळ एक गाळा, मडगार्डवर नंबर घातलेल्या वीस सायकली, नोंदीसाठी वहीऐवजी हवं तर फोन, आणि पंक्चर काढू शकणारा, ठरलेल्या पगारावर बसलेला एक माणूस. एवढ्यासाठी स्मार्ट सिटी लागत नाही, पेडणे नगरपालिकेलाही हे जमेल.