सूत्र उलटावें कसें?

पदार्थविज्ञान शिकणाऱ्या मुलास घरच्या वडीलधाऱ्यांनीं सहज विचारून पाहावें, ‘वेग म्हणजे काय?’ उत्तर तत्काळ येतें : अंतर भागिलें काळ. ‘मग काळ कसा काढशील?’ येथें पुष्कळ मुलें अडखळतात. एकाच विधानाचीं तीन सूत्रें पाठ करणें हा स्मृतीवर व्यर्थ भार होय. ऐन परीक्षेंत स्मृतीनें दगा दिला, तर मुलापाशीं कांहींच उरत नाहीं.

आमच्या गोंदियाहून नागपूर लोहमार्गानें सुमारें १३० किलोमीटर. गाडी सरासरी ताशीं ६५ किलोमीटर वेगानें गेली, तर किती वेळ लागेल? समीकरण हा ताजवा आहे. दोन्ही पारड्यांत सारखाच फेरफार केल्यास तो ढळत नाहीं. दोन्ही बाजूंस काळानें गुणावें, म्हणजे वेग गुणिलें काळ बरोबर अंतर. मग दोन्ही बाजूंस वेगानें भागावें; काळ एकटा उरतो. १३० भागिलें ६५, म्हणजे २ तास.

ही युक्ति आपणांस परकी नव्हे. भास्कराचार्यांनीं इ. स. ११५० मधील ‘लीलावती’त व्यस्तविधि सांगितला आहे. फलापासून मागें यावें. गुणाकाराच्या जागीं भागाकार, बेरजेच्या जागीं वजाबाकी, वर्गाच्या जागीं वर्गमूळ घ्यावें. आर्यभटांनींही इ. स. ४९९ मधील ‘आर्यभटीया’त हीच रीत दिली होती.

मात्र क्रम चुकतां कामा नये. अंगरख्यावर उपरणें घेतलें असेल, तर आधीं उपरणेंच उतरावें लागतें. विहिरींत सोडलेला दगड २० मीटर खालीं पाण्यास लागला असें समजूं. खोली म्हणजे गुरुत्वत्वरणाचें अर्ध गुणिलें काळाचा वर्ग. येथें काळाचा वर्ग आधीं झाला, म्हणून वर्गमूळ शेवटीं. त्वरण सुमारें १० धरावें. त्याचें अर्ध ५. २० भागिलें ५ म्हणजे ४. त्याचें मूळ २ सेकंद. घाईनें २० चेंच मूळ आधीं काढणारा मुलगा येथें फसतो.

आणखी दोन पथ्यें पाळावीं. वेग ताशीं असेल, तर काळही तासांतच मोजावा. मिनिटांची सरमिसळ नको. आणि आलेलें उत्तर मूळ सूत्रांत घालून ताळा पाहावा : २ चा वर्ग ४, त्याची ५ पट २०. ताळा जुळला, म्हणजे मुलास उत्तर बरोबर आहे कीं नाहीं, हें गुरुजींस विचारावें लागत नाहीं. परीक्षेच्या दालनांत तो एकटाच असतो. तेथें हीच विद्या त्याच्या कामास येते.