दुसऱ्या हार्ड डिस्कचा पत्ता

चेन्नईच्या मैलापूर भागात कपालीश्वराच्या देवळाभोवतालच्या रस्त्यांनी हिंडताना घरांच्या पाट्यांवर पुष्कळदा दोन क्रमांक आढळतात. एक जुना, एक नवा. क्रमांक बदलले, घर मात्र होते तेथेच राहिले. युनिक्स कुळातील संगणकाला दुसरी हार्ड डिस्क जोडताना जी अडचण येते, तिच्या मुळाशी असाच पत्त्याचा घोटाळा असतो.

याच भागात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या नावाचे ग्रंथालय उभारले गेले. अशा एखाद्या जुन्या ग्रंथालयाने दुर्मिळ पुस्तकांची पानन्‌पान छायाचित्रे संगणकात साठविली आणि जागा संपली, अशी कल्पना करू. संगणकावर लिनक्स आहे. कदाचित सी-डॅकच्या चेन्नई केंद्राने घडविलेली, २००७ साली प्रसृत झालेली ‘बॉस’ ही प्रणाली असेल. नवी डिस्क पेटीत बसविणे हे थोड्या वेळाचे काम. परंतु ती बसवूनही फाइलींच्या यादीत तिचा मागमूस दिसत नाही!

याचे कारण असे की, विंडोजप्रमाणे येथे प्रत्येक डिस्कला स्वतंत्र अक्षर मिळत नाही. सर्व फाइली एकाच वृक्षावर असतात. आंब्याला कलम बांधावे तशी नवी डिस्क त्या वृक्षाच्या एखाद्या फांदीवर बांधावी लागते. या क्रियेस ‘माउंट’ म्हणतात. डेनिस रिची व केन थॉम्पसन यांनी १९७४ सालच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात तिचे वर्णन केले आहे. त्यांच्या स्वतःच्या यंत्रातही वृक्षाचे मूळ एका डिस्कवर आणि लोकांच्या फाइली दुसरीवर होत्या.

कलम बांधण्यापूर्वी डिस्कचे विभाग पाडावे लागतात व त्यांवर फाइलींची मांडणी आखावी लागते. खरा धोका येथेच आहे. संगणक डिस्कना ‘एसडीए’, ‘एसडीबी’ अशी नावे सापडतील त्या क्रमाने देतो, आणि हा क्रम पुढच्या वेळी बदलू शकतो. आखणीची आज्ञा चुकून जुन्या डिस्कच्या नावे गेली, तर वर्षानुवर्षे जमविलेली पाने हाती लागेनाशी होतात. प्रणाली फारशी हटकत नाही. आज्ञा देणारा जाणता आहे, असेच ती धरून चालते. म्हणून आधी दुसरीकडे प्रत काढावी, आणि डिस्कची क्षमता व कारखान्याचा अनुक्रमांक ताडून पाहावा.

आखणी होताच त्या विभागाला ‘यूयूआयडी’ हा ३२ अंकाक्षरांचा ओळखक्रमांक मिळतो. डिस्क कोणत्याही खाचेत बसविली तरी तो बदलत नाही. ‘एफएसटॅब’ या नोंदवहीत हाच क्रमांक लिहावा, म्हणजे संगणक सुरू होताना कलम आपोआप योग्य फांदीवर बांधले जाते. मात्र ती फांदी रिकामी असावी. तेथे आधीच्या फाइली असल्या तर त्या कलमाखाली झाकल्या जातात; नष्ट होत नाहीत, पण दिसेनाशा झाल्याने मनुष्य घाबरतो. नव्या विभागाची मालकी प्रारंभी व्यवस्थापकाकडे असते, तीही वापरणाऱ्याकडे सोपवावी लागते.

नोंदीत एक अक्षर चुकले तरी पुढच्या वेळी संगणक अर्ध्यावर अडून बसण्याचा संभव असतो. ‘नोफेल’ हा शब्द नोंदीत जोडला, तर डिस्क न सापडल्यास प्रणाली तिला वगळून पुढे जाते. शिवाय संगणक बंद करण्यापूर्वीच ‘माउंट -ए’ ही आज्ञा देऊन नोंद पारखता येते. चूक असल्यास ती तेव्हाच, दुरुस्तीची साधने हाताशी असताना, उघडकीस येते.