कारवी बघायला जाल, तेव्हा कुजकं लाकूडही बघा

सह्याद्रीच्या उतारांवर साधारण 7 वर्षांनी कारवी फुलते आणि ती जांभळी-निळी फुलं बघायला गर्दी लोटते. भीमाशंकरच्या जंगलात भर पावसाळ्यात कुजक्या लाकडावर रात्री हिरवट उजेड देणारी बुरशी असते. माझ्या मते या दोघी एकाच व्यवहाराच्या दोन बाजू आहेत. कारवी उन्हाच्या बळावर अन्न तयार करते आणि त्यातून सरळ, चिवट काठ्या वाढवते. शेणामातीने लिंपून त्यांच्याच कुडाच्या भिंती होतात. बुरशीकडे हरितद्रव्य नाही. तिचे बारीक धागे लाकडात शिरतात, विकरं सोडतात आणि लाकडाला टणकपणा देणारं लिग्निनही फोडतात. वर दिसणारी छत्री हा फक्त बीजाणू पसरवणारा अवयव. खरी बुरशी आत असते.

कुणी म्हणेल, फूल जगवतं आणि बुरशी नासवते. पण कारवी आयुष्यात एकदाच फुलते, बी धरते आणि मरते. उतारच्या उतार वाळक्या काठ्यांनी भरतात. त्या कुजल्याच नाहीत, तर त्यांतली अन्नद्रव्यं मातीत परतणार कशी आणि नव्या रोपांना मिळणार कशी? काही बुरशा जिवंत झाडं पोखरतात, घराचे वासे कुजवतात, हा आक्षेप खराच आहे. मात्र त्याचा ठपका मेलेल्या ओंडक्यावर जगणाऱ्या बुरशीवर ठेवता येत नाही. म्हणून कारवी तुडवू नका, तसंच जंगलात पडलेलं लाकूड उचलू नका, छत्र्या खुडू नका. पुढचा बहर त्या मातीवरही अवलंबून आहे.